उद्याची खाज

बायकोला गुंडाळणं ही कला मानली, तर कांजूरमार्गचे गुणाजी धुरी स्वतःला त्या कलेतले उस्ताद समजत. चाळीस वर्षांच्या संसारात आपण एकदाही पकडलो गेलो नाही, असं ते छाती फुगवून सांगत. जानकीवहिनींनी त्यांना किती वेळा सोडून दिलं, याची नोंद मात्र कुठेच नाही.

घोटाळा कोपरांवरून सुरू झाला. गुणाजींच्या दोन्ही कोपरांवर सोरायसिस होता. लाल चट्टे आणि त्यावर पांढरे खवले!

"इतके मासे खाल्लेत की आता अंगावर उगवायला लागले!" जानकीवहिनी म्हणत.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. "पोटातले जंतू आणि कातडी यांचं काहीतरी नातं दिसतंय, पण अभ्यास अजून चालू आहे. कोणाला काय बाधतं, ते माणसागणिक वेगळं. मलम रोज लावा, वजन उतरवा. काय खाल्लं नि खाज किती आली, ते वहीत लिहा."

वहिनींनी यातलं पहिलं अर्धं वाक्य घरी नेलं. बाकीचं ज्ञान मोबाइलवरच्या एका गृहस्थांनी पुरवलं. दुधी, ताक नि नाचणीवर म्हणे सज्जन जंतू पोसतात आणि माशांवर गुंड!

"आजपासून सहा आठवडे घरात मासे बंद!"

"अगं, माझ्या पोटातले जंतू मालवणी आहेत! दुधी बघून संपावर जातील!"

"जाऊ देत. आणि तुम्ही एकटे नाही. मीही सोडणार."

हे शेवटचं वाक्य गुणाजींनी ऐकायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात बेत शिजून तयारही झाला होता. वहीत दुधी, पोटात सुरमई. झकास!

खारदांड्याच्या कोळीवाड्यात सीताराम राहायचा, नोकरीतला जुना दोस्त. "पवई तलावाला फेऱ्या मारून येतो," असं सांगून गुणाजी निघायचे ते लोकल पकडून, स्टेशनवरून पायी थेट सीतारामच्या दारात. उन्हात बाकड्यावर बसून, बाह्या वर सारून ते असे जेवायचे की मांजरं निराश होऊन उठून जायची. मात्र फक्त बुधवार, शुक्रवार आणि रविवार! बायकोला फसवलं तरी वारांचं पावित्र्य त्यांनी मोडलं नाही. परतताना लिंबाने हात धुवायचे, मूठभर बडीशेप चावायची.

राहता राहिली वही. रोज रोज खोटं लिहायचा कंटाळा येतो हो! नोकरीत हजेरीचं मस्टर भरायचे, तसं गुणाजी दर रविवारी अख्खा आठवडा एकदम भरून टाकायचे. 'दुधीची भाजी, ताक, भाकरी. खाज कमी.'

आणि वाट लागली ती इथे. चट्टे खरंच फिके पडले!

जानकीवहिनींना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. कोपरांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. घाटकोपरहून चुलतभाऊ भाऊरावांचा फोन आला. त्यांच्याही गुडघ्यांवर सोरायसिस.

"मेल्या गुणाजी! तुझ्या कोपराचो फोटो इलो आणि आमच्या घरात बांगडो बंद झालो!"

"होते रे सवय," गुणाजी म्हणाले. त्यांच्या दाताच्या फटीत अजून शिंपल्यांच्या सुक्यातलं खोबरं होतं.

पाच आठवडे झाले त्या मंगळवारी वहिनी दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. भाऊराव वाळवलेल्या बोंबलासारखे दिसत होते.

"वा!" कोपरं बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वही बघू." त्या पानं उलटत गेल्या नि थांबल्या. "आज मंगळवार ना, काका?"

"हो."

"मग उद्याची खाज आजच कशी कमी झाली? शुक्रवारचीसुद्धा!"

वहिनी वळून बघू लागल्या. पण उस्तादाला उत्तर सुचलं. "तो... संकल्प आहे. आधीच लिहून ठेवला की मनाला बळ येतं!"

सुटले असते! पण भाऊराव मान डोलवत म्हणाले, "बरोबर! म्हणान तर मी मलमपण सोडलंय. नुसतो दुधी!" आणि त्यांनी लेंगा वर केला. दोन्ही गुडघे लालभडक!

गुणाजी ताडकन उठले.

"भाऊराव, मलम लाव रे बाबा! नुसत्या दुधीवर मी एक आठवडाही राहिलेलो नाही! स्टेशनवरून चालत सीतारामकडे जाऊन, उन्हात बसून सुरमई खात होतो!"

वहिनींनी टेबलावरची वही उचलून आपल्या पिशवीत टाकली.

"मलम तरी लावत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज! आईशप्पथ!"

"मग श्रेय आधी त्याला द्या. त्यात ऊन नि चालणं. सुरमईला देऊ नका, दुधीलाही नको. भाऊराव, आजपासून मलम सुरू. आणि मासे दोघांनाही चालतील. तळलेले नको, तेल-मीठ कमी."

वहिनी तरातरा पुढे चालत घरी आल्या. दारात चप्पल काढताना एवढंच म्हणाल्या, "पस्तीस दिवस दुधी खाल्ला मी. तुमच्या जोडीला."

बुधवारी घरात रव्यात तळलेल्या सुरमईचा वास दरवळला. गुणाजी वेळेआधीच पानावर बसले. सोनेरी तुकडा जानकीवहिनींच्या पानात गेला. गुणाजींच्या पानात आला तो उकडलेला तुकडा. पांढराफटक, तिखट नाही, मीठ नाही, जणू ओला कापूस.

"अगं, मीठ कमी म्हणाल्या त्या! शून्य नाही!"

"पहिले सहा आठवडे शून्य." वहिनींनी आपला तुकडा कुर्रकन चावला, वही उघडली. आता ती त्यांच्या ताब्यात होती. "कसा झालाय? लिहायचंय मला."

गुणाजींनी घास कसाबसा गिळला, बायकोच्या डोळ्यांकडे बघितलं नि जुन्या सवयीने म्हणाले, "झकास!"

वहिनींनी 'झकास' लिहून घेतलं, आणि पातेल्यातला दुसरा उकडलेला तुकडा उचलून त्यांच्या पानात वाढला.