सुस्थितीतली इमारत

सातवीच्या वर्गाचं छत गळत होतं. ते दुरुस्त करावं, अशी विनंती शाळेच्या मुख्याध्यापिका मोठ्या बाई दरवर्षी नेमानं करत आणि वरचं कार्यालय तितक्याच नेमानं ती नाकारत असे. छतासाठी खर्चाचं लेखाशीर्षच उपलब्ध नव्हतं. यंदा मात्र शिक्षण खात्याचे साहेब स्वतः आले, गळतीखालची बादली चुकवत उभे राहिले आणि तंत्रज्ञानासाठी भरघोस अनुदान आल्याची बातमी त्यांनी दिली.

बाईंनी छताचा विषय काढला. भिंतभर टचस्क्रीनचा फळा आला की मुलं वर बघणारच नाहीत, असं साहेबांचं म्हणणं पडलं. अट किरकोळ होती. इमारत सुस्थितीत आहे, एवढं बाईंनी लिहून द्यायचं. नाही दिलं, तर अनुदान पलीकडच्या शाळेला जाणार होतं. पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे बाईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊबाई. बाईंनी उभ्याउभ्याच सही केली.

फळ्याला कोरडी खोली हवी होती. तशी खोली एकच, वाचनालयाची. पुस्तकं मुलींच्या स्वच्छतागृहात हलवली. तिथे कधीच पाणी येत नसल्यामुळे ती सुरक्षित होती. फळ्याला गारवा लागतो म्हणून एसी बसला. एसी चालला की वर्गांतले पंखे बंद पडत, म्हणून पंखेच उतरवून ठेवले. मग मुलांच्या पायांना धूळ असते, ही गोष्ट तंत्रज्ञाच्या ध्यानात आली. धुळीनं बिघाड झाला तर हमी रद्द होणार होती. तेव्हा खोलीला काचेचं दार आणि भलंमोठं कुलूप लावलं, आणि मुलांना बाहेरूनच, रांगेनं, तंत्रज्ञानाचा लाभ देण्यात येऊ लागला.

शिक्षकांना फळा चालवता येईना, म्हणून ते प्रशिक्षणाला गेले. परत आले तोवर फळ्यातली प्रणाली बदलली होती. ते पुन्हा गेले. मागे उरल्या मोठ्या बाई एकट्या. सगळ्या इयत्ता व्हरांड्यात एकत्र बसवून त्या शिकवू लागल्या. खडू मागवले, तर डिजिटल शाळेला खडू मंजूर होत नाहीत, असं उत्तर आलं. मग त्या ओणव्या होऊन जमिनीवरच्या धुळीत बोटानं गणितं सोडवून दाखवू लागल्या. सुदैवानं धुळीचा पुरवठा मुबलक होता.

एका सुट्टीच्या दिवशी सातवीचं छत कोसळलं. बाकांचा भुगा झाला. बाईंनी तो पाहिला, तशाच पायी साहेबांकडे गेल्या.

"साहेब, त्या बाकांवर माझी मुलं बसायची हो," त्या म्हणाल्या.

"बसायची. आता कुठे बसतात?"

"व्हरांड्यात."

"म्हणजे तंत्रज्ञानामुळे मुलांचे प्राण वाचले," साहेब समाधानानं म्हणाले. "अहवालात घेतो मी हे."

छताचं काय, असं विचारल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. इमारत सुस्थितीत असल्याचं बाईंनीच लिहून दिलं होतं. छत पडलं असतं, तर खोटं लिहिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई करावी लागली असती. तेव्हा छत पडलेलं नाही, असं दोघांच्या विचारानं ठरलं. घरी जाऊन बाई जेवल्या नाहीत.

मुलांचे प्राण कशापासून वाचले ते न सांगणारा अहवाल वर्तमानपत्रांत झळकला आणि प्रवेशासाठी फाटकाशी पालकांची रीघ लागली. नोकरीवर गदा आली तरी चालेल, पण या लोकांना फसवायचं नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं. प्रत्येक पालकाला त्यांनी हाताला धरून पडकं छत दाखवलं, स्वच्छतागृहातली पुस्तकं दाखवली, धुळीतली गणितं दाखवली. पालकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या आणि फळा कुठे आहे ते विचारलं.

काचेला नाक लावून एक आई बराच वेळ उभी होती.

"माझ्या मुलीला या खोलीत बसायला मिळेल?"

"नाही. कुणालाच मिळत नाही."

"पण दाखल्यावर डिजिटल शाळा असं छापून येतं ना?"

"येतं," बाई म्हणाल्या.

अर्ज भरायला आईनं पर्समधून पेन काढलं.

यंदाच्या सगळ्या जागा भरल्या आहेत. आपण आपल्या पाल्यासाठी चौकशीला निघालाच असाल, तर सोबत एखादं वजनदार शिफारसपत्र असू द्यावं. आपल्या पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते आणलेलं आहे.