आरपार उंदीर

देविकाने उंदीर घरी आणला, ही पहिली चूक. तो उंदीर आहे हे सासूबाईंना सांगितलं नाही, ही दुसरी. शांतम्मांच्या घराचा उंबरा आजवर अंड्यानेही ओलांडला नव्हता. तिथे मेलेला उंदीर फडताळात ठेवतेय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "औषध आहे," एवढंच ती म्हणाली.

तसा तो दिसतही नव्हता. अख्खा उंदीर काचेसारखा आरपार करायचा, म्हणजे न कापता त्याच्या मज्जातंतूंचं जाळं लेझरखाली बघता येतं, या उद्योगात तिचं वर्ष गेलं होतं. आधीचे सगळे नासले. हा एकच साधला, आणि बामच्या वासाच्या तेलकट द्रवात असा बेपत्ता झाला की बरणीत नुसतं तेलच वाटावं. उद्या लातूरहून पहाटेची एसटी, नांदेडला सरांची प्रयोगशाळा, मग पीएचडी, मग झोप. खरं तर तिला आता फक्त झोपच हवी होती.

संध्याकाळी पिशवी भरताना तिला बरणीतलं तेल पिवळट दिसलं. चिमटा घालून फिरवला, तर आत काहीच लागेना.

"आत्याबाई, बरणीला कुणी हात लावला?"

शांतम्मा पदराशी चाळा करत राहिल्या. "गुडघे लई ठणकून राहिले होते गं. तूच म्हणलीस औषध हाय. वासबी बामचाच. थोडं चोळलं."

"थोडं?"

"दोन्ही गुडघे. अन् कंबर. कमी दिसू नये म्हणून वरून करडीचं तेल ओतलं, तर आत उंदीर दिसाया लागला! झाकण मीच उघडं ठेवलं. माझ्यामुळंच पडला बघ, मुका जीव."

देविकाने बरणी उजेडात धरली. करडीचं तेल मिसळल्यावर द्रव प्रकाशाला उंदरापेक्षा वेगळा वाकवू लागला, म्हणून उंदीर दिसू लागला. विज्ञान अगदी चोख होतं. रडावंसं वाटत होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"मग टाकला कुठं?"

"टाकीन कशी? पाप झालं ना माझ्या हातून. बेलाच्या कुंडीत बसवून पुरला, इभूत, बेलपान, समदं आपल्या लिंगायत रीतीनं."

देविकाने कुंडी उकरली, माती झटकली आणि उंदराला नव्या द्रवात बुडवून देवाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला राजशेखर सरांच्या पडद्यावर उंदीर उजळला. मेंदूपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकेक तंतू लखलखत होता. देविकाचे डोळे भरून आले.

"वा!" सर खुर्चीतून उठलेच. "पण कपाळावर या तीन आडव्या रेषा कसल्या चमकून राहिल्यात? अशी रचना आजवर कुणी पाहिली नसंल. देविका, यावर वेगळा पेपर होईल!"

देविकाने पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. त्यांच्या कपाळावर सकाळच्या पूजेच्या विभूतीच्या तशाच तीन आडव्या रेषा अजून ताज्या होत्या.

"सर," ती थकून म्हणाली, "पेपरच्या आधी एकदा आरशात बघता का?"