अकरा जणींतली फितूर

सलग तिसरी मॅच हरून सर घरी आले आणि त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या. मग दाराला कडी घातली. मग फ्रीजच्या मागे वाकून बघितलं.

"काय हरवलंय?" बायकोने विचारलं.

"हळू बोल. आपल्यात कोणीतरी फितूर आहे."

"घरात आपण दोघंच आहोत."

सरांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. पण तिला कॉर्नर आणि पेनल्टी यांतला फरक अजून कळत नव्हता. नाइलाजाने त्यांनी तिला संशयितांमधून वगळलं.

देशातली बायकांची पहिलीच फुटबॉल लीग. सरांचा संघ गादी कारखान्याच्या मालकीणबाईंनी हौसेने उभा केलेला. सर त्याआधी शाळेत खेळ शिकवत. शिट्टीची त्यांना कधी गरज पडली नाही. त्यांनी "थांब" म्हटलं की मैदानापलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबत. संघाची कप्तान लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, म्हणून तिला सगळे सिस्टर म्हणत. गोलकीपर बेकरीत भट्टीवर काम करायची; तिचं नाव भिंत. सगळ्याच जणी कामावर हातापाया पडून सरावापुरती सुटी काढून येत. आणि तळाला राहणारा संघ लीगमधून बाहेर जाणार होता. तसं झालं तर संघ बंद करीन, असं मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तळाला सरांचाच संघ होता आणि एकच मॅच उरली होती. ती जिंकली तरच धडगत होती.

"आपण डावीकडून चढाई केली की त्या आधीच डावीकडे उभ्या," सर बायकोला म्हणाले. "आपण बचावाला मागे आलो की त्या लगेच पुढे. त्यांना आधीच कळतं. कोण सांगतं?"

"त्या चांगल्या खेळत असतील."

"इतकं साधं असतं तर काय हवं होतं," सर म्हणाले आणि पडदेही ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांना तो दिसला. मैदानालगतच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांना दुर्बीण होती. सरांचे पाय जागीच थबकले. पण आरडाओरडा करून सावज उधळू द्यायचं नाही, एवढं भान त्यांना होतं. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"आजपासून खोटा सराव."

"म्हणजे?" सिस्टरने विचारलं.

"भिंत पुढे खेळेल. आघाडीवाल्या गोलपाशी. सगळ्यांनी उलटं करायचं. वर बघायचं नाही."

सगळ्यांनी लगेच वर बघितलं.

चार दिवस खोटा सराव झाला. भिंतीने त्यात आयुष्यातला पहिला गोल मारला आणि ती भलतीच खूष झाली. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "सर, खरा सराव कधी करायचा?" तेव्हा मात्र सर तडक इमारतीचे जिने चढून गच्चीवर गेले.

"किती मिळतात याचे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

म्हाताऱ्याने दुर्बीण खाली केली नाही. "बाजूला व्हा. माझं दुकान दिसत नाहीये."

मैदानापलीकडे खरंच एक चपलांचं दुकान होतं. म्हाताऱ्याने ते जावयाच्या ताब्यात दिलं होतं आणि जावई दुपारी शटर ओढून झोपतो, असा त्याला दाट संशय होता. "रोज बसतो मी. पण तुमच्या त्या मुली सारख्या चेंडू उंच मारतात. नेमकं बघायच्या वेळी मधे चेंडू."

सर त्याच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत आपल्याला समजून घेणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" त्यांनी फितुरीची सगळी कथा सांगून विचारलं.

"मी आधी घरातलाच माणूस धरला असता," म्हातारा म्हणाला. "बाहेरच्याला काय पडलंय?"

सरांना ते शंभर टक्के पटलं. त्यांनी युक्ती काढली. प्रत्येकीला एकेकटीला गाठून वेगवेगळी योजना सांगायची. त्यांतली जी समोरच्या संघाकडे पोचेल, ती सांगणारी फितूर. सिस्टरला त्यांनी दवाखान्याच्या जिन्याखाली गाठलं, भिंतीला बेकरीच्या मागच्या दारात. "दुसऱ्या कोणालाही सांगायचं नाही," असं प्रत्येकीला बजावलं. कागदावर काही ठेवायचा प्रश्नच नव्हता, कागद फुटतो. त्यामुळे मॅचच्या सकाळपर्यंत कोणाला काय सांगितलं होतं हे खुद्द सरांनाही आठवेना. खरी योजना त्यांनी मॅचआधी कपडे बदलायच्या खोलीत येऊन सांगायची ठरवली होती, पण तिथे एक अनोळखी बाई फरशी पुसत होती. तिचं पुसणं त्यांना फारच सावकाश वाटलं. त्यांनी तोंड उघडलं नाही.

मॅच सुरू झाली आणि अकरा जणी अकरा दिशांना गेल्या. दोघी एकाच चेंडूवर धावून एकमेकींवर आदळल्या. भिंत मैदानाच्या मध्यापर्यंत आली; तिला तसंच सांगितलेलं होतं. सर साइडलाइनवरून गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "डावीकडून! डावीकडून चढा!" गोंधळलेल्या सगळ्या जणी डावीकडे धावल्या. समोरच्या संघातल्या मुली तिथे आधीच उभ्या होत्या. त्यांनी चेंडू हिसकावला आणि रिकाम्या गोलात अलगद ढकलला.

मध्यंतरात सगळ्या खोलीत जमल्या. भिंत म्हणाली, "मला पुढे यायला सांगितलं होतं. कोणाला सांगू नको म्हणाले."

"मला सांगितलं, भिंत मागेच राहणार," दुसरी म्हणाली.

"मला सांगितलं, चेंडू फक्त तुलाच द्यायचा," तिसरी त्या दुसरीला म्हणाली.

एकेकीचं ऐकून झाल्यावर सिस्टरने बुटाची नाडी शांतपणे बांधली. रडणाऱ्या मुलाला सुई टोचताना ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "सर, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबता का?"

सर बाहेर थांबले. दाराला कान लावला, पण काही ऐकू आलं नाही. आत अकरा जणी आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवताहेत, एवढं मात्र त्यांना स्वच्छ कळलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. सर ओरडले, "डावीकडून!" त्या उजवीकडून गेल्या. सर ओरडले, "मागे या!" सगळ्या जणी पुढे धावल्या. फितूर एक नव्हती. अख्खा संघच फितूर होता. ते जीव तोडून ओरडत राहिले आणि एकही जण त्यांच्याकडे मान वळवून बघेना. याच गडबडीत सिस्टरने गोल केला. बरोबरी झाली. सर ओरडले, "आता बचाव! सगळ्या बचावाला!" आणि त्या ऐकेनात म्हणून डोक्यावर हात मारून खाली बसले. त्यांनी मान वर केली तेव्हा दुसरा गोल झालेला होता. तोही त्यांच्याच संघाचा.

शेवटची शिट्टी झाली. मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, रडत होत्या. सर बाकावर एकटेच बसले होते. समोरच्या संघाच्या कोचबाई चालत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"मानलं तुम्हाला."

"कशाबद्दल?" सरांनी संशयाने विचारलं.

"आता लपवून काय उपयोग? अख्खा सीझन तुम्ही डावीकडे म्हणालात की तुमच्या मुली डावीकडेच जायच्या. सगळ्या संघांना माहीत झालं होतं. मीही माझ्या मुलींना एवढंच सांगितलं, त्या सरांचं नीट ऐका. आणि आज तुम्ही शेवटच्या मॅचला सगळं उलटं केलंत. एवढा धीर माझ्यात नसता हो." त्या हसल्या आणि निघून गेल्या.

सरांचे आधी कान तापले, मग चेहरा. ओरडून ओरडून आवाजही उरला नव्हता.

भिंत आणि सिस्टर त्यांना शोधत आल्या. "सर, चला ना, मालकीणबाई फोटोला बोलावताहेत," भिंत म्हणाली. मग तिला आठवलं. "तो फितूर कोण, ते कळलं का शेवटी?"

"कळलं," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आपल्यातलाच आहे एक. पण त्याला काढायचं नाही. कामाचा माणूस आहे."

सिस्टरने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"मग त्याला म्हणावं घसा जप," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीही ओरडायचंय."