गजाभाऊंच्या हॉटेलांचा खरा इतिहास

गजाभाऊ आपल्या हॉटेलांचा इतिहास कधी दोनदा सारखा सांगत नाहीत. पेणच्या हॉटेलात ऐकलात, तर वालाच्या बिरड्याची कृती त्यांना एका साधूनं दिलेली असते. नागोठण्याच्या शाखेत साधूच्या जागी गोरा साहेब येतो. रोह्यात तर गजाभाऊ स्वप्नातच मसाला वाटायला शिकतात. "शप्पथ सांगतो" एवढं मात्र तिन्हीकडे कायम.

हा गृहस्थ रोज एसटीनं फिरून तिन्ही ठिकाणची भाजी चाखतो. "मीठ हाय, पण मन नाय," असं गजाभाऊ म्हणाले, की आचारी मुकाट्यानं पातेलं पुन्हा गॅसवर चढवतो.

मी त्यांचा पेणचा शेजारी, निवृत्त शिक्षक. यंदा नवं मेनूकार्ड छापायचं ठरलं.

"मास्तर, मागच्या पानावर इतिहास लिवा."

"कुठला?"

"तुम्हाला आवडंल तो!"

मला राहवेना. रोह्याजवळ वरसे इथं त्यांच्या थोरल्या वहिनी राहतात, त्यांना जाऊन विचारलं. त्या मोडाचे वाल सोलत होत्या. साधूचं ऐकून इतक्या हसल्या, की मांडीवरचं ताट कलंडलं.

"साधू कसला! आमचे हे गेले, पोरगी लहान. मिठागरावरच्या माणसांना मी डबे करायची, भावजी पोचवायचे. त्यातनंच हॉटेल झालं."

"मग ते तुमचं नाव का सांगत नाहीत?"

त्या सांडलेले वाल गोळा करू लागल्या. "मीच सांगितलेलं. नवरा जाऊन महिना नाय झाला नि ही धंदा करते, म्हणून भावकी नको ते बोलायची. पोरीचं लग्न व्हायचं होतं. म्हटलं, माझं नाव कुठं काढू नका." मग ताट पुन्हा मांडीवर घेत म्हणाल्या, "आता त्या पोरीला सून आली. मी कधीच विसरले. भावजी अजून पाळतात?"

"पाळतात."

"लिवा म्हणावं आता."

संध्याकाळी मी गजाभाऊंना निरोप दिला. "वहिनी बोलल्या? सोताहून?" त्यांनी तीनदा विचारलं. मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच लिवा. थोरल्या वहिनीचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाय."

मी लिहिलं, 'पार्वतीबाई'. गजाभाऊंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "अक्षर जरा मोठं काढा."