साडेसात लाखांचं गाऱ्हाणं

"साडेसात लाख. त्याखाली एक रुपया नाही, काका," सेल्समन मंगेश म्हणाला आणि त्याने सत्यवानापुढे तिसरा चहा सरकवला.

सत्यवानाला खुर्चीत बसवत नव्हतं. तीस वर्षं त्याने एसटी चालवली, घाटात ट्रक अंगावर आला तरी तो कधी डगमगला नव्हता. पण कणकवलीच्या या काचेच्या शोरूममध्ये सकाळपासून तो एकेका हजारासाठी झगडत होता. गाडीची किंमत सात लाख ब्याण्णव हजार. त्याने सातपासून सुरुवात केली. मंगेश सात पंचाहत्तरवर उतरला, सात साठवर उतरला, साडेसातावर उतरला आणि तिथे जो खुंटा मारून बसला तो हलेचना. सत्यवानाच्या फंडाचे आलेले पैसे होतेच मुळी साडेसात लाख!

गाडी मिळणार होती, त्याची काळजी नव्हती. काळजी होती पंपाची. लग्न होऊन आली तेव्हापासून त्याची बायको सुगंधा विहिरीचं पाणी रहाटाने ओढत होती, आणि यंदा तिच्या खांद्याने संप पुकारला होता. गाडीच्या सौद्यात जे वाचतील त्याचा पंप, असा सत्यवानाने तिला शब्द दिला होता. ती शेजारी बसून, पिशवी मांडीवर घेऊन, चार पैसे वाचण्याची वाट बघत होती. तिच्याकडे बघायचीही त्याला आता लाज वाटायला लागली होती.

"चल गो," तो उठला. "कुडाळाक दुसरा शोरूम आसा."

मंगेश जागचा हलला नाही. इतका वेळ कचेरीतलं मराठी बोलणारा तो पोरगा एकदम मालवणीवर आला. "जावा की काका. पण थंय पोचून, बोलान, ठरवन सांज होतली. आणि देवान कौल तर आजचोच दिल्यान हा न्हय?"

सत्यवान होता तसा खाली बसला. "तुका कोणी सांगल्यान?"

"माजी आवस सकाळी देवळात हुती. वरच्या वाडीतली शेवंती."

सत्यवानाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी सात वाजता गावच्या देवळात फूल उजवीकडून पडलं होतं, म्हणजे सौदा आजच करायचा. मग महादू गुरवाने सत्यवानाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं. आता गाऱ्हाणं म्हणजे काही कानात सांगायची गोष्ट नव्हे. ते चारचौघांत, मोठ्या आवाजात आणि तपशीलवार घालायचं असतं. महादूने आधी विचारलं होतं, "जास्तीत जास्त कितके?" देवाशी कसली घासाघीस करायची, म्हणून सत्यवानाने खरा आकडा सांगून टाकला होता. आणि महादूने तो देवाबरोबर तीसेक माणसांच्या कानांवर घातला होता. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो सत्यवान आज गाडी ठरवक जाता हा. तेच्या गाठीक साडेसात लाख आसत, वर एक पैसो नाय. तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले होते. त्या तिसांत या मंगेशची आई शेवंतीही होती!

"संपला," सत्यवान पुटपुटला. "दी तो कागद. खंय सही करू?"

"रवा जरा," सुगंधा पहिल्यांदाच बोलली. "काय रे मंगेशा, तुज्या आवशीन गाऱ्हाणा पुरा आयकल्यान काय?"

"म्हणजे?"

"साडेसाताच्या मागसून काय इला, ता सांगल्यान तुका? 'जो कोण सत्यवानाच्या गाठीर डोळो ठेवीत, तेचो धंदो बसव रे म्हाराजा.' आणि सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटल्यानी."

मंगेश हसला, पण अर्धंच. "सकाळी माजी बाईक पंक्चर झाली," तो म्हणाला. "आणि दोन बुकिंगा रद्द."

"मगे सुरवात झाली म्हणान समज," सुगंधा शांतपणे म्हणाली.

मंगेशने फोन काढला. घाईत त्याचं बोट स्पीकरवर पडलं. "आये, गाऱ्हाणा शेवटपर्यंत आयकलंस काय गो?"

"नाय रे बाबा. देवळात खंय रेंज? साडेसात आयकलंय आणि तुका फोन करूक रस्त्यार इलंय. पण आतसून व्हय म्हाराजा झाला, म्हणान मियाय थंयसूनच म्हटलंय. हात जोडून!"

मंगेश फोन बंद करून साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. दहा मिनिटांनी घाम पुसत बाहेर आला. "सात वीस. मॅटी आणि सीट कव्हर माझ्याकडून. पण काकी, तेवढा गाऱ्हाणा मागे घ्या."

तिसऱ्या दिवशी विहिरीवर पंप बसला. सुगंधा बटण दाबून नुसती पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि सत्यवानाला गाडीपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला. आठ दिवसांनी गाडी ताब्यात आली. सुगंधाला शेजारी बसवून गावाकडे निघाला, नांदगावपर्यंत तो खुशीत होता, मग कपाळाला आठ्या पडल्या.

"महादून ता धंद्याचा कधी म्हटल्यान गो? माका आठवना नाय."

"म्हटल्यान खंय? तेका सातपंधराची एसटी गाठूची हुती. यश दी म्हणालो आणि पळालो."

सत्यवानाने करकचून ब्रेक मारला. "देवाच्या नावान खोटा?"

"तुमी खरा सांगलास, तेचा काय झाला ता बघलास मा?" सुगंधा म्हणाली. "देवाक माजो खांदो दिसता. तरी व्हयी तर माफी मागा."

नवी गाडी आधी देवळाकडेच न्यायची, ही रीत. महादू नारळ घेऊन उभा होता, पंधरावीस माणसं जमली होती, आणि शेवंती थेट पहिल्या रांगेत होती. या खेपेला शेवटपर्यंत हलायचं नाही, अशी तिला लेकाची सक्त ताकीद होती.

"बोल सत्यवाना, देवाक काय सांगू?" महादूने विचारलं.

सत्यवानाने शेवंतीकडे बघितलं, सुगंधाकडे बघितलं आणि घसा खाकरला. "आजचा गाऱ्हाणा माजा मीच घालतंय. मनातल्या मनात."

असलं गाऱ्हाणं गावाने कधी बघितलं नव्हतं. तो डोळे मिटून, कान धरून उभा राहिला. माफी मोठी होती, वेळ लागत होता. शेवंती मान पुढे काढून त्याच्या ओठांवरून काही कळतंय का बघत होती. काहीच कळेना. अखेर त्याने डोळे उघडले, आणि सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात, तीच ओरडली, "व्हय म्हाराजा!"