केवड्यावरचं नागपूरचं औषध

फुकट सांगितलेला उपाय पिकाला लागू पडत नाही, ही गोष्ट आता शेतीत सर्वमान्य झाली आहे. रामाकोन्याच्या प्रफुल्ललाही ती मान्य होती.

त्याच्या पॉलीहाऊसमधल्या काकडीवर केवडा रोग आला. पानांवर वरून पिवळे डाग, खालून राखाडी लव. (केवडा ही बुरशी नव्हे, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच जीव आहे, असं शास्त्र म्हणतं. दोघांपैकी कोणीही अद्याप नातं कबूल केलेलं नाही.) प्रफुल्लने तीन बुरशीनाशकं मारली. ती बुरशीवर उत्तम होती. शेवटी त्याच्या वडिलांनी, दादाजींनी, जाहीर केलं की महिनाभरात वेली सावरल्या नाहीत तर पॉलीहाऊसचा सांगाडा उपटून तिथे पुन्हा संत्री.

"अहो, सकायी पॉलीहाऊसचे बाजूचे पडदे उघडत जा," बायको सुचिता म्हणाली. "पानं दुपारलोक ओली राहून राहिली."

"हवेनं रोग जाते? मंग लोक दवाखान्यात कायले जातेत? पंखा लावून घरीच बसतीन ना."

मुद्दा बिनतोड होता. सुचिताने वाद घातला नाही. आठवड्याने नागपूरहून तिच्या भावाकडून, प्रवीणकडून, एक बाटली आली. आत पिवळसर द्रव, सोबत टाईप केलेल्या सूचना:

१. बाटली दाराशी टांगावी. फवारू नये.
२. सूर्य उगवताच सगळे पडदे उघडावेत. बाटलीला वारा लागणे अनिवार्य.
३. संध्याकाळी पाणी देऊ नये. ओलाव्याने औषध नाराज होते.
४. डागाळलेली पानं तोडून लांब पुरावीत. बाटलीच्या नजरेस पडू नयेत.

प्रफुल्लने सूचना तंतोतंत पाळल्या. तीन आठवड्यांत नवी पानं स्वच्छ निघाली. लोधीखेड्याहून माणसं बाटली पाहायला आली. (पडदे कोणी पाहिले नाहीत, ते उघडे होते.) दादाजींनी बाटलीला हार घातला. महिनाभरात द्रव थेंबभरही कमी झाला नव्हता, यावरून औषध किती जोरदार आहे हे सिद्ध झालं.

प्रफुल्लने आणखी चार बाटल्या मागवायचं ठरवलं, तेव्हा सुचिता घाबरली.

"पाणी हाय त्यात. चिमूटभर हळद टाकाले लावली म्या."

"आन् प्रवीणनं पाठवली म्हणे?"

"माह्याच सांगण्यावरून."

प्रफुल्ल प्रामाणिक माणूस. खोट्या औषधावर पीक वाचवणं त्याला पटेना. त्याने त्याच दिवशी बाटली उतरवली. बाटलीच नाही तर वारा कोणाला लागायचा, म्हणून पडदे लावले. नाराज व्हायला औषध नाही, म्हणून संध्याकाळचं पाणी सुरू केलं. बाराव्या दिवशी पानं पिवळी पडली. दादाजी संत्र्याची रोपं घेऊन आले.

ही हकीकत आजवर सत्तावीस जणांना सांगून झाली. सव्वीस जणांनी एकच विचारलं, किती पाण्याला किती हळद? (सत्ताविसावा उठून हळदीचा डबा शोधत होता.) वाचकांना विचारायला संकोच वाटू नये म्हणून प्रमाण इथेच दिलेलं बरं: एक लिटरला चिमूटभर.