विषय : मालिका पुन्हा सुरू करणेबाबत

कोरीटचे उखाआप्पा पाटील हे एका अशा माणसाच्या शोधात आहेत, जो या भूतलावर कधी जन्मालाच आलेला नाही. नंदुरबारच्या बसस्थानकात उतरणाऱ्या अनोळखी प्रवाशाला ते थांबवतात आणि अत्यंत अदबीने विचारतात, वाटेत एखादा फाटकवाला दिसला काय? उंच, डाव्या पायात चप्पल नसलेला? प्रवासी नाही म्हणतो. आप्पा त्याचे आभार मानून पुढच्या बसकडे वळतात.

सदर फाटकवाला हा टीव्हीवरील एका रहस्यमालिकेतील इसम होय. मी तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली टंकयंत्र मांडून अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी ‘सविनय’ हा शब्द कोठे टाकावा आणि कोठे गाळावा, हे या जिल्ह्यात माझ्याइतके कोणास कळत असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे सर्व प्रकारची दुःखे माझ्याकडेच येतात. मालिका बंद पडल्याचे दुःख घेऊन आलेले आप्पा मात्र पहिलेच.

मालिकेचा वृत्तांत मी त्यांच्याच तोंडून ऐकला. रेल्वेचा एक फाटकवाला फाटक पाडतो आणि नाहीसा होतो. गाडी येत नाही. फाटक उघडत नाही. पुढे एका कपाटातून नवरी बाहेर येते आणि दळण मागते. न्यायाधीशाच्या खुर्चीवर पांढरा घोडा बसून निकाल वाचतो. घरात पाऊस पडतो आणि अंगण कोरडे राहते. असल्या प्रकारास प्रेक्षक कंटाळले, वाहिनीनेही शेवट न दाखवता मालिका गुंडाळली आणि त्या वेळेत स्वयंपाकाची स्पर्धा सुरू केली.

आप्पांना मात्र त्यात काहीही विचित्र वाटले नव्हते. घोडा खुर्चीवर का बसला, असे मी विचारले. “कारण शे,” ते म्हणाले; कारण आहे, एवढेच. घरात पाऊस कसा? “कारण शे, वकीलभाऊ.” मी वकील नाही; पण आप्पांच्या मते कचेरीसमोर टंकयंत्र घेऊन बसणारा मनुष्य वकीलच, आणि त्यांच्या मताचा मी आदर करतो.

चहावाला गोकुळ त्यांना फार छळी. एकदा तो म्हणाला, “आप्पा, तुन्हा फाटकवाला काल सुरतनी गाडीमा दिखना ना. खिडकीजोडे बठेल व्हता.” सगळे हसले. आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, “वाळेल दिखना का रे?” त्यानंतर गोकुळने ती थट्टा पुन्हा केली नाही.

आमच्या भागात बंद पडलेली कोणतीही गोष्ट जिल्हाधिकारी सुरू करतात, असा जनतेचा दृढ विश्वास आहे. कोरीटची बंद पडलेली मुक्कामी एस.टी. माझ्याच अर्जावरून पुन्हा धावू लागली होती. जी कचेरी एस.टी. चालू करते, तिला मालिका कसली जड, असा आप्पांचा बिनतोड युक्तिवाद होता. मला शंका होती. परंतु अर्जनवीसाने आपली शंका अर्जदाराला दाखवू नये. मी कागद चढवला. ‘प्रति, माननीय जिल्हाधिकारी’ झाले, विषय झाला. मग गाडे अडले ते नुकसानीपाशी.

नुकसानीचा परिच्छेद नसलेला अर्ज कारकून वाचतच नाही. तेव्हा मालिका बंद पडल्याने अर्जदाराचे नेमके काय बुडाले, हे मला कळणे आवश्यक होते. कापूस बुडाला नव्हता. केळी उभी होती. ‘करमणूक’ असे मी सुचवले, तर ते दुखावले. शेवटी म्हणाले, “रविवारी दुपारी घर या. तठेच दिसी.”

मी गेलो. घर सामानाने भरलेले, खाटेवर धुतलेली गोधडी, भिंतीवर मोठा टीव्ही, बंद. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारे गाव जिजी म्हणते, पाणी ठेवून समोरच्या भिंतीला टेकून डाळ निवडू लागल्या. नवराबायको एकमेकांकडे पाहत नव्हते. जिजी आत गेल्या, तेव्हा आप्पांनी हळू आवाजात सारे सांगितले. एकुलता मुलगा भांडून घर सोडून गेला, त्यास कैक वर्षे झाली. आप्पा त्याला टाकून बोलले होते. जिजींनी त्याला अडवले नव्हते. दोघांनीही एकमेकांना माफ केले नाही आणि त्याचे नाव घरातून गेले. ‘वाढ’ आणि ‘पुरे’ एवढेच बोलणे उरले. मग ही मालिका लागली. एका रविवारी जिजी आपणहून म्हणाल्या, फाटकवाला खुशीने गेलेला नाही, त्याला कोणीतरी बोलले असेल. आप्पांनी उत्तर दिले. तेव्हापासून दर रविवारी दोघे बोलत. तो कोठे असेल, कोणी आसरा दिला असेल, परत यायची लाज वाटत असेल का.

“आंडोरनं, आमना पोऱ्यानं, नाव आमनाथीन घेवास नही,” आप्पा म्हणाले. “फाटकवालानं घेवाये.”

जिजी सूप घेऊन परत आल्या. मी आयुष्यात असंख्य अर्ज लिहिले. नुकसानीचा हा परिच्छेद मात्र कोणत्याही नमुन्यात बसत नव्हता. मी मालिकेचा एक भागही पाहिलेला नाही. तरी मी घसा साफ केला आणि विचारले, “जिजी, तुम्हाला काय वाटते? तो फाटकवाला आता कोठे असेल?”

सूप थांबले. मग जिजींनी मान वर केली, माझ्याकडे नव्हे, आप्पांकडे.

“कोठेबी ऱ्हावो. आज जेवना व्हई का?”

“जेवना व्हई,” आप्पा घाईने म्हणाले. “जेवना व्हई वो.”

“कोनी वाढं व्हई त्याले?”

जिजी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. आप्पा खाटेवरून उठले आणि खाली, त्यांच्या सुपाजवळ, जमिनीवर जाऊन बसले.